दोन नळ्या थुंकी

४ एप्रिल

ही वही लष्कराच्या दवाखान्यातून आली. कागद जाड आहे असं सूनबाई म्हणते, तेवढंच. प्रत्येक पानावर रकाने छापलेत : कोण, वय किती, कशानं गेलं. म्हणजे माझी मेलेली माणसं आता मी त्यांच्या रकान्यांत नीट मांडी घालून बसवायची. बसवणार नाही. वही त्यांची असेल, बोलणं माझं आहे.

मी सांगते आणि सूनबाई लिहिते. मला अक्षर येत नाही. सूनबाई कचेरीच्या दाराशी टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिते, त्यामुळे तिनं सुरुवातीलाच 'महोदय' लिहिलं. म्हटलं, खोड ते. तुझ्या सासूला महोदय म्हणायची वेळ अजून आलेली नाही.

झालंय असं. माझा नातू फौजेत आहे. लहानपणापासून पाण्यात, म्हणून आम्ही त्याला बेडूक म्हणतो. चोवीस वर्षांचा झाला तरी बेडूकच. पाणबुड्यांच्या तुकडीत त्याची निवड होत आली होती. शेवटच्या चाचणीला तलावातून वर आला, काठाला हात लावला आणि कोसळला. ओठ निळे. दोन मिनिटांनी डोळे उघडून विचारतो काय, तर वेळ किती लागला. हृदयाचा आलेख काढला त्यात काहीतरी लांबलंय म्हणे. जन्मापासूनचा दोष असू शकतो, रक्तातून आलेला. म्हणून सहा आठवड्यांची रजा देऊन घरी पाठवला आणि मागून ही वही.

पाणी आणि फौज म्हटलं की माझं डोकं तापतं. माझा मुलगा, बेडकाचा बाप, एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्याच तलावात गेला. पोहण्याची परीक्षा होती. शिट्टी वाजली, यानं उडी मारली, अर्ध्यावर गेला आणि वर आलाच नाही. तुकडीत त्याच्यासारखं पोहणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि कागदावर काय लिहून पाठवलं? स्वतःच्या निष्काळजीपणामुळे बुडून मृत्यू. तो कागद माझ्या ट्रंकेत आहे. त्यातला 'निष्काळजीपणामुळे' हा एक शब्द मी सूनबाईकडून बोट ठेवून दाखवून घेतला होता.

आता तेच लोक विचारतात, तुमच्या घरात कोण कशानं गेलं. तुम्हीच सांगा की. तुम्हाला तर सगळं माहीत असतं.


७ एप्रिल

सूनबाई म्हणते, रकाने रिकामे ठेवले तर बेडकाला त्रास होईल. बरं, घे.

माझा थोरला भाऊ. सोळा वर्षं. तळ्यात पोहताना गेला. पायात गोळा आला असं वडील म्हणाले. त्यानंतर वडिलांनी आम्हा भावंडांना पाण्यात पाय घालू दिला नाही. आमच्या घराला पाणी सोसत नाही, एवढंच सांगायचे. मला याचा इतका राग होता की माझा मुलगा चार वर्षांचा झाल्यावर मी स्वतः त्याला बखोट धरून पोहायला घातला. काठावर बसून टॉवेल घेऊन ओरडायची, अजून एक फेरी मार.

आईची बहीण, माझी मावशी. तीस-बत्तीसची असेल. बसमागे धावली, बस मिळाली, सीटवर बसली आणि गेली.

मी स्वतः. मला काही नाही. एकदाच, एकोणिसाव्या वर्षी, कामावर जायला उशीर झाला म्हणून पळाले आणि डोळ्यांपुढे पडदा आला. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं एका अनोळखी माणसाच्या मांडीवर होतं. पुढे तोच माझा नवरा झाला, म्हणून ती चक्कर मी दुखण्यात धरत नाही.

सूनबाईनं पेन थांबवलं. म्हणाली, "आई, हे रकान्यात घालू?"

"नको घालूस. ते प्रेम होतं."

मग तिला म्हटलं, तुझ्या माहेरचं घाल. तुझा बाप जिन्याच्या चौथ्या पायरीवर धापा टाकायचा. दोष आलाच असेल तर त्या जिन्यावरून आलाय. तिनं ते लिहिलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण लिहिलं.


११ एप्रिल

आज बेडकाशी बोलले. म्हणजे त्याला पकडून बसवला. दिवसभर गॅलरीत उभा असतो आणि समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघतो. पाणी दिसलं की तेवढंही पुरतं त्याला.

म्हटलं, "का रे, सही का केलीस? नको म्हणायचं."

"ऐच्छिक आहे, आजी."

"म्हणजे?"

"म्हणजे नको म्हटलं तर का नको ते लेखी द्यायचं. साहेबाच्या समोर उभं राहून."

त्याच्या तुकडीत एक जण आहे, धिप्पाड, त्याला सगळे टाकी म्हणतात. त्याच्या रक्तात गेल्या वर्षी काहीतरी निघालं. त्याला आयुष्यात साधी शिंक आली नव्हती. आता तो गोदामात बूट मोजतो. मुलं त्याच्याशी हात मिळवताना हसतात, लागण होईल म्हणून. म्हणून बाकीचे काय करतात, तर छातीत कळ आली तरी सांगत नाहीत. पित्त झालंय म्हणतात आणि धावतात.

"तुला याआधी कधी झालं होतं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "दोनदा. पित्त म्हणून सांगितलं."

त्याची आई दारात उभी होती. हातातलं ताट तिनं इतक्या हळू ठेवलं की मला तो आवाज अजून ऐकू येतोय.

मला विचाराल तर चूक कोणाची? खरं बोललं की बूट मोजायला बसवता आणि खोटं बोललं की वर निष्काळजी म्हणता. तोंड उघडायचं तरी कुठे माणसानं?


१४ एप्रिल

खोका आला. आत तीन नळ्या. बेडकाची निळ्या चिठ्ठीची, सूनबाईची हिरव्या आणि माझी पिवळ्या. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, चिठ्ठी चिकटवलेलीच आहे, परत पाठवायचं. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही. मी म्हटलं, लष्करावर थुंकायची संधी पहिल्यांदाच मिळतेय, आणि तीही उपाशीपोटी.

पण मी थुंकणार नाही असं सांगून टाकलं. माझं ऐच्छिक खरंखुरं ऐच्छिक आहे. मला कोण साहेब विचारणार?

बेडूक नळी घेऊन बाथरूममध्ये गेला आणि वीस मिनिटं बाहेर आला नाही. तोंड कोरडं पडलं होतं पोराचं.


१६ एप्रिल

खोका सकाळी गेला. आता सांगते.

सूनबाई, पेन खाली ठेवू नकोस.

काल ती कामावर होती आणि बेडूक अंघोळीला. मी चहाचं आधण ठेवलं, वाफेवर निळी आणि पिवळी, दोन्ही चिठ्ठ्या सोडवल्या. अगदी अलगद, कागद फाटला नाही. मला अक्षरं येत नाहीत, रंग येतात. पिवळ्या नळीत मी थुंकले. मग त्या नळीवर निळी चिठ्ठी लावली. बेडकाची नळी कचऱ्यात.

कारण साधं आहे. मी शहात्तर वर्षांची आहे. माझ्या पाठचे-पुढचे गेले, नवरा गेला, मुलगा गेला, मी आहे. या घरात सगळ्यांत निर्मळ रक्त कोणाचं असेल तर माझं. त्यांना निर्दोष थुंकी पाहिजे ना? घ्या. पोराला पाण्यात जाऊ द्या.

सूनबाईनं शेवटी पेन ठेवलंच. म्हणाली, "आई, त्याला खरंच काही असेल तर?"

"नाही काही."

"असेल तर?"

मी म्हटलं, आता लिही. तिनं हे सगळं लिहिलं आहे की नाही मला कळायला मार्ग नाही. बराच वेळ लिहीत होती खरी.


३० एप्रिल

फोन आला. दवाखान्यातली मोठी डॉक्टर, तिला सगळे मेजरबाई म्हणतात. फोन स्पीकरवर होता.

"निळ्या चिठ्ठीची थुंकी बाईची आहे."

बेडूक आईकडे बघायला लागला, आई माझ्याकडे. मी टीव्हीकडे. टीव्ही बंद होता.

"आणि," मेजरबाई म्हणाली, "त्या बाईंना तो दोष आहे. त्या कोण आहेत ते मला आजच कळायला हवं. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "यंत्र बिघडलंय तुमचं."

बेडूक माझ्याशी बोलत नाही. त्याच्यावर आता चौकशी बसेल. फसवणूक म्हणून. मी त्याला पाण्यात सोडायला गेले आणि चांगला खड्ड्यात घातला. पण यंत्र बिघडलेलंच असणार.


४ मे

दवाखाना. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, म्हणजे कोणी घेऊन पळू नये. तासभर बसलो. शेजारी एक तरुण जवान बसला होता, तपासणीचा कागद चौघडी घालून बुटात लपवत होता. मी बघितलं तसं त्यानं डोळ्यांनीच विनवलं. मी तोंड फिरवलं. माझंच घर उघड्यावर होतं, मी कोणाचं काय सांगणार?

आत गेल्यावर आधी सगळं कबूल केलं. वाफ, चिठ्ठ्या, सगळं. म्हटलं, पोराला माहीत नव्हतं, काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा, अंगठा देते. मेजरबाई चाळिशीची, चष्मा डोक्यावर ढकललेला. ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आजी, वाफेनं चिठ्ठी सुटते हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं." हसलीही थोडी. तेव्हा मला तिचा जास्तच राग आला. चांगलं माणूस समोर असलं की भांडता येत नाही धड.

बेडकाचं रक्त तिथेच घेतलं, तीन जणांच्या देखत.

मग तिनं विचारलं, वही आणली का? मी म्हटलं घरी विसरले. ती माझ्या पिशवीत होती. मग तिनं कोरा कागद घेतला आणि आम्हाला एकेक विचारत चित्र काढायला लागली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. नवरा-बायकोमध्ये रेघ, मुलं खाली लोंबती. आणि माणूस गेलं असेल तर त्यावर आडवी रेघ.

आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय मला एक कागद वाचता आला. वरती मावशीचा गोल, रेघ मारलेला. शेजारी माझ्या आईचा, त्यालाही रेघ. खाली भावाचा चौकोन, त्याला रेघ. मग माझा गोल. माझ्यापासून खाली माझ्या मुलाचा चौकोन, त्याला रेघ. त्याच्याखाली बेडूक, अजून कोरा. सूनबाईचा गोल बाजूला, तिची नळी स्वच्छ निघाली होती. तिच्या माहेरून काहीच आलं नव्हतं. तिच्या त्या धापा टाकणाऱ्या बापाकडूनसुद्धा. त्याची ती फक्त विडी होती.

मेजरबाईनं पेन्सिल घेतली आणि दोषाची खूण म्हणून माझा गोल अर्धा काळा केला.

म्हणाली, "पोहताना, पळताना हृदयाचा ठोका बिघडतो. काहींना होतं, काहींना आयुष्यभर नाही. तुम्हाला वडिलांनी पाण्यात जाऊ दिलं नाही, म्हणून तुम्ही आज माझ्यासमोर बसलाय."

मी माझ्या मुलाच्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा?"

"बहुतेक पाण्यातच हृदय थांबलं असणार. बुडाला तो नंतर."

सूनबाई म्हणाली, "म्हणजे, भांडण झालं म्हणून नाही?"

मेजरबाईला काही कळेना. मला कळलं. त्या दिवशी सकाळी सूनबाई त्याच्याशी फोनवर भांडली होती, बेडकाच्या शाळेच्या बुटांवरून. एकोणीस वर्षं मी हे तिला ऐकवत आलेय. तुझ्यामुळे त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाहुण्यांसमोर ऐकवलंय, भांडी घासताना ऐकवलंय.

"नाही," मेजरबाई म्हणाली. "भांडणाशी काही संबंध नाही."

मी ताबडतोब दुसरीकडे वळले. टेबलावर हात आपटला. म्हटलं, मग ती ओळ खोडा. निष्काळजी नव्हता माझा मुलगा. लिहून द्या.

"ती जुनी फाईल आहे, आजी. नोंदी ठेवणारं कार्यालय वेगळं. मी अर्ज पुढे पाठवू शकते."

"आणि बेडूक?"

"त्याचा निकाल दोन आठवड्यांनी."

मला गोळ्या लिहून दिल्या. मी घेणार नाही. माझ्या मुलाचा कागद नीट होईपर्यंत त्यांच्या दवाखान्यातली एक गोळी घशाखाली जाणार नाही. तसं तोंडावर सांगून आले.


५ मे

आज सूनबाईला काय लिहायला सांगू? कोरं ठेव.


९ मे

गोळ्यांवरून घरात युद्ध. बेडूक बोलायला लागला, पण फक्त "आजी, गोळी" एवढंच. सकाळ, संध्याकाळ. मी ठाम होते.

दुपारी सूनबाईनं गोळी आणि पाण्याचा पेला समोर आदळला. तीस वर्षांत तिनं माझ्यासमोर वस्तू आदळलेली नव्हती.

"तुमच्या मुलानं कोणाला न सांगता मरून दाखवलं. तुमचा नातू पित्त म्हणत मरायला निघाला होता. आता तुम्ही. त्या कार्यालयाला काय फरक पडतो हो तुम्ही गोळी घेतली नाहीत तर? तिथे तुम्हाला ओळखतं कोण?"

"मी माझ्या मुलासाठी..."

"तो माझा नवरा होता! आणि तुम्ही मेलात तर मी भांडू कोणाशी? एकोणीस वर्षं मी उत्तरं साठवून ठेवलीत!"

मी म्हटलं, "हे सगळं लिहिणार आहेस का?"

"लिहिणार आहे. शब्द न् शब्द."

लिहिलंय असं म्हणते. गोळी मात्र मी घेतली नाही. रागावलेल्या माणसाच्या हातचं लगेच घेऊ नये, त्याला वाटतं तो जिंकला.


२१ मे

बेडकाला आहे.

पत्र त्यानं स्वतः वाचून दाखवलं, उभं राहून, साहेबासमोर वाचल्यासारखं. पाणबुड्यांत घेणार नाहीत. फौजेतूनही कमी करायचं की नाही ते एक मंडळ ठरवणार, तोवर रजा वाढवली. चौकशीत मात्र ताकीद देऊन सोडलाय, मेजरबाईनं शब्द टाकला म्हणे. शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली : दोष जन्मजात असल्याने सेवेशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे बघा. बापाच्या वेळी चूक बापाची, तो निष्काळजी. लेकाच्या वेळी चूक आजीची, तिनं रक्त दिलं. या दोघांना पहाटे पहाटे पाण्यात ढकलणारे, शिट्टी फुंकणारे, कळ आली म्हणणाऱ्याला हसणारे, त्यांची चूक कुठल्या पिढीत निघणार आहे? त्याची तपासणी कुठल्या नळीत होते ते सांगा. मी पहिली थुंकते.

बेडूक म्हणाला, "टाकी म्हणतो, गोदामात ये, दोघं मिळून बूट मोजू." हसला. मग गॅलरीत गेला. यावेळी समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाठ करून उभा राहिला.

मी त्याच्या मागे गेले. म्हटलं, "तुला हे माझ्याकडून आलं."

"पोहणंही तुझ्याकडूनच आलं," तो म्हणाला. "बाबांना तूच घातलंस ना पाण्यात?"

त्यानं चांगल्या मनानं म्हटलं असेल. मी आत येऊन बसले. टॉवेल घेऊन ओरडायची मी. अजून एक फेरी मार.

तिथेच पेल्यात पाणी होतं. गोळी घेतली. कोणी बघत नव्हतं. सूनबाई, तुला आत्ताच कळतंय, तेव्हा पेन थांबवू नकोस आणि डोळे पूस, शाई पसरेल.


१७ जून

नोंदींच्या कार्यालयातून पत्र आलं. शिक्का, सही, सगळं थाटात. मी सूनबाईला म्हटलं, वाच.

तिनं वाचलं. छान, संथ आवाजात, अर्ज वाचते तसं. "उपलब्ध वैद्यकीय माहितीनुसार, मृत्यूस आनुवंशिक हृदयविकार कारणीभूत असण्याची शक्यता नोंदीत जोडण्यात येत आहे." मग थोडं थांबून, "सदर जवानाचा पोहताना बुडून मृत्यू झाला." मग कळावे वगैरे.

"एवढंच?"

"एवढंच, आई."

"दे इकडे."

मी चष्मा लावला. सूनबाई म्हणाली, तुम्ही काय बघणार त्यात. मी बोट फिरवत गेले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. सावकाश. चौथीत सापडला. लांबलचक, मध्ये फुगलेला, शेवटाला डोक्यावर काठी घेऊन उभा. एकोणीस वर्षं ट्रंकेतून काढून काढून बघितलाय मी तो. अख्ख्या भाषेत माझ्या ओळखीचं एवढंच एक.

मी त्यावर बोट ठेवलं. "हा कोण?"

सूनबाईचा चेहरा पडला.

"वाच."

"स्वतःच्या निष्काळजीपणामुळे," ती म्हणाली. "जुनी ओळ त्यांनी ठेवली आहे, आई. नवी फक्त वर जोडली. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, तुम्ही गोळ्या सोडाल."

माझ्या डोक्यात असा जाळ झाला की मला भीती वाटली, ठोका आताच चुकतो की काय. चुकला नाही. गोळी चांगली आहे, मेजरबाईला सांग. म्हणजे यांना कळलंय, यांनी लिहिलंयसुद्धा, त्याचं हृदय थांबलं म्हणून. आणि त्याच कागदावर, दोन ओळी सोडून, तो निष्काळजी. हृदय थांबवण्यात निष्काळजीपणा केला म्हणायचं का?

सूनबाई म्हणाली, "मी अपील लिहिते. आज बसते."

"लिही. आणि त्यात तुझंही लिही. त्या सकाळचं भांडण बुटांचं होतं, आणि बूट घ्यायलाच हवे होते. पोराचे अंगठे बाहेर आले होते. तू बरोबर होतीस."

हे वाक्य तिनं लिहिलंय की नाही ते मी उद्या बेडकाकडून वाचून घेणार आहे.

मग मी म्हटलं, पेन दे. ती म्हणाली, अंगठा लागेल, पेन नाही. म्हटलं, दे.

पेन कसं धरतात ते मला माहीत नव्हतं, सुरी धरते तसं धरलं. कागद टेबलावर पसरला, डाव्या हातानं दाबला. बेडूक येऊन मागे उभा राहिला. मेजरबाईच्या चित्रात माणूस गेलं की काय करतात ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्या शब्दावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी आडवी रेघ मारली. वाकडी आली. कागद थोडा फाटला. पण कोणी बघितलं तर त्याला कळेल, हा मेला.

सूनबाईला सांगितलं, अपिलाला हाच कागद जोड, याची नक्कल नको. आणि रजिस्टर्ड टपालानं धाड, आजच. बेडूक जाईल, त्याला पाय मोकळे करायचे आहेत. हळू चालत जा म्हटलं, पळू नकोस.